अंतर आणि देशांतर : मुंबई–लंडन प्रवासाच्या निमित्ताने काही शब्दविचार

सोलापुरातील एखाद्या घरी वडीलधारे माणूस निवर्तले आणि त्याचा मुलगा लंडनला असला, म्हणजे जमलेल्या आप्तेष्टांत पहिला प्रश्न निघतो तो ‘लंडन किती लांब आहे?’ हा. या प्रश्नास कोणी ‘सात हजार दोनशे किलोमीटर’ असे उत्तर दिले, तर ते खरे असूनही उत्तर ठरत नाही. विचारणाऱ्यास हवे असते ते एवढेच की मुलगा उद्या सकाळपर्यंत पोचेल की परवा दुपार उजाडेल; थांबावयाचे की न थांबावयाचे. म्हणजे प्रश्नाचे शब्द स्थलवाचक, पण त्याचा आशय कालवाचक असतो. हा केवळ बोलण्याचा ढिलेपणा नव्हे. मराठीच्या शब्दसंग्रहात आणि विभक्तिव्यवस्थेत स्थल आणि काल यांची ही सरमिसळ फार खोलवर गेलेली आहे. आणि दोन दूरस्थ विमानतळांमधील अंतराची चर्चा करू लागले की ती जितकी स्पष्ट दिसते, तितकी पुणे-सोलापूर प्रवासाच्या चर्चेत दिसत नाही.

प्रथम ‘अंतर’ हाच शब्द घ्यावा. संस्कृतात ‘अन्तर’ या शब्दाचे आतला भाग, मधली जागा, मधला काळ, भेद आणि ‘दुसरा’ असे अनेक अर्थ आहेत. मराठीने हे बहुतेक सर्व स्वीकारले आणि त्यांत स्वतःची भर घातली. ‘अंतरीची खूण’ यात आतला अर्थ, ‘दोन गावांतील अंतर’ यात मधली जागा, ‘दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर’ यात मधला काळ, तर ‘बोलण्यात आणि करण्यात अंतर’ यात भेद. विवाहसमयी वधूवरांमध्ये धरला जातो तो अंतरपाट म्हणजे मधला पडदा. पण ‘अंतर देणे’ म्हणजे सोडून देणे, आणि ‘अंतरणे’ म्हणजे दुरावणे, मुकणे हे प्रयोग मराठीचे खास आहेत. ‘मुलगा आईबापांस अंतरला’ या वाक्यात एकही मैल मोजलेला नाही. आणखी एक मौज अशी की, ज्याच्या मागे आपण नेहमी कालाचे अंतर कल्पितो तो ‘नंतर’ हा शब्द ‘अनन्तर’ म्हणजे ‘ज्यात अंतर नाही असे’ यापासून आला आहे. मूळच्या ‘लगेच’चे मराठीत ‘मग कधीतरी’ कसे झाले, हा अर्थपरिवर्तनाचा एक चांगला नमुना आहे. पण तो येथील विषय नव्हे.

व्याकरणाकडे पाहिले तर ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय लक्ष वेधून घेते. ‘गाव तीन कोसांवर आहे’, ‘पुणे चार तासांवर आहे’ आणि ‘लग्न चार दिवसांवर आले आहे’ या तीनही वाक्यांची घडण एकच आहे. पहिल्यात स्थलाचे माप आणि स्थलाची वस्तू. तिसऱ्यात कालाचे माप आणि कालाची वस्तू. दुसरे वाक्य मात्र मिश्र आहे. त्यात वस्तू स्थलाची आणि माप कालाचे. असे मिश्र वाक्य बोलताना बोलणारा एक गोष्ट न सांगता गृहीत धरीत असतो, ती म्हणजे वेग. ‘चार तासांवर’ म्हणजे कशाने चार तासांवर? मोटारीने, आगगाडीने की पायी? बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात एकच वाहन असेल तोवर हे वाक्य चालते. वाहन बदलले की ते खोटे होते. याच्या उलट बाजूचे मिश्रण, म्हणजे वस्तू कालाची आणि माप स्थलाचे, मराठीस बहुधा मानवत नाही. ‘लग्न तीन कोसांवर आले’ असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर ते वऱ्हाडाची बैलगाडी वाटेवर असताना. म्हणजे काल स्थलाचे माप होऊ शकतो, स्थल कालाचे माप सहसा होत नाही. ‘पुढे’, ‘मागे’, ‘जवळ आला’, ‘लांबला’ असे स्थलवाचक शब्द कालास सर्रास लावले जातात हे खरे. पण तेथे शब्द उसना घेतलेला असतो, माप नव्हे.

जुनी मापे पाहिली तर त्यांतही हीच ओढ दिसते. ‘कोस’ हा ‘क्रोश’ म्हणजे हाक, आरोळी यापासून आलेला. मुळात हाक जेथवर ऐकू जाईल तेवढी भुई. पुढे त्याचे साधारणपणे दोन मैल ठरले. इतक्या दूरवर कोणाचीही हाक जात नाही, हे सांगावयास नकोच. परंतु मूळ कल्पना ‘हाकेच्या अंतरावर’ या प्रयोगात अजून जिवंत आहे. ‘मजल’ हा अरबी ‘मंझिल’ म्हणजे उतरण्याचे ठिकाण यापासून आलेला शब्द. एका दिवसात जेवढे चालून मुक्काम करावयाचा तेवढी मजल. घाटात मजल आखूड, मैदानात लांब. हे माप अंतराचे नसून थकव्याचे आहे, असे म्हटले तरी चालेल. सोलापूरच्या परिसरात कन्नड ‘हरदारी’ आणि तेलुगू ‘आमड’ हीही मापे जुन्या माणसांच्या तोंडी असत. त्यांपैकी पहिल्यात ‘दारी’ म्हणजे वाट हा शब्दच दडलेला आहे. ‘मैल’ इंग्रजीतून आला. त्याचेही मूळ लॅटिनमधील ‘सहस्र पावले’ हेच. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धती आली आणि मैल गेला. ‘मैलाचा दगड’ मात्र भाषेत रोवलेला राहिला. किलोमीटर हे या मालिकेतील पहिले माप असे की ज्यात माणसाची हाक, पाऊल किंवा दम यांपैकी काहीही नाही. त्याची मूळ व्याख्या पृथ्वीच्या परिघावरून केली गेली होती. ‘किती लांब?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते जिभेवर सहज येत नाही, याचे कारण कदाचित हेच असावे.

कालवाचक शब्दांची जात निराळी आहे. ‘घटका’ म्हणजे पाण्यावर सोडलेले छिद्राचे भांडे, ‘प्रहर’ म्हणजे टोल, ‘तास’ ही मुळात धातूची थाळी. ही मापे ऐकावयाची होती, आणि ती गावापुरती होती. एका गावचा टोल दुसऱ्या गावी लागू नव्हता; कारण सूर्य दोन्ही गावी एकाच वेळी डोक्यावर येत नाही. येथूनच प्रस्तुत विषयातील सर्वांत महत्त्वाच्या शब्दाकडे, ‘देशांतर’ या शब्दाकडे, यावे लागते.

‘देशांतर’ हा सामासिक शब्द दोन अगदी भिन्न अर्थांनी वापरला जातो. ‘तो देशांतरास गेला’ यात अन्य देश असा अर्थ. येथे ‘अन्तर’ म्हणजे दुसरा, आणि समास नित्यसमास. ज्योतिषशास्त्रात मात्र ‘देशांतर’ म्हणजे देशांचे, म्हणजे स्थानांचे, अंतर. आणि तेही कोणत्याही दिशेचे नव्हे, तर केवळ पूर्व-पश्चिम अंतर. ज्यास आज रेखांशांचा फरक म्हणतात तेच ते. भारतीय ज्योतिष्यांनी लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांतून जाणारी मध्यरेषा कल्पिली आणि तिच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस असलेल्या गावासाठी गणितात जी दुरुस्ती करावयाची, तिला देशांतरसंस्कार म्हटले. ही दुरुस्ती योजनांत सांगत किंवा घटी-पळांत सांगत. स्थलाचे अंतर कालात व्यक्त करण्याचा मिश्र प्रयोग येथे शास्त्रशुद्ध झाला आहे. कारण वेग गृहीत धरलेला नसून निश्चित आहे. तो वेग पृथ्वीच्या परिवलनाचा. ६० घटकांत ३६० अंश, म्हणजे एका घटकेत ६ अंश. एका अंशास १० पळे, आजच्या भाषेत ४ मिनिटे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथाने हा सर्व विषय मराठी वाचकास प्रथमच इतक्या विस्ताराने खुला केला.

सोलापूरच्या वाचकास येथे एक गोष्ट विशेष वाटेल. उज्जैनचा रेखांश सुमारे ७५.८ अंश पूर्व, आणि सोलापूरचा सुमारे ७५.९. म्हणजे भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा उज्जैनहून सरळ दक्षिणेस ओढली तर ती सोलापूरच्या अगदी शेजारून जाते. सोलापूरचे देशांतर जवळजवळ शून्य आहे; जे आहे ते एक-दीड पळाचे. ज्या शहरातून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून दाते पंचांग निघत आले, ते शहर मध्यरेषेवर असावे हा योगायोगच. त्यात कोणाची योजना नाही. मुंबई मात्र या रेषेच्या सुमारे तीन अंश पश्चिमेस आहे. म्हणून सोलापूर-मुंबई देशांतर अर्ध्या घटकेचे, बारा मिनिटांचे. सोलापुरास सूर्य माथ्यावर आल्यानंतर तो मुंबईच्या माथ्यावर येण्यास बारा मिनिटे लागतात. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली आणि हा फरक घड्याळातून पुसला गेला. ही वेळ ८२.५ अंश रेखांशाची असल्याने सोलापूरचा सूर्य तिच्या मागे सुमारे २६ मिनिटे आणि मुंबईचा ३९ मिनिटे असतो. मुंबई शहराने आपली स्थानिक वेळ त्यानंतरही कित्येक वर्षे हट्टाने चालविली, हे प्रसिद्धच आहे.

आता लंडन. मुंबई आणि लंडन यांच्या मुख्य विमानतळांच्या रेखांशांत सुमारे ७३.३ अंशांचा फरक आहे. म्हणजे देशांतर बारा घटका आणि वर तेरा पळे, घड्याळी भाषेत ४ तास ५३ मिनिटे. दोन्ही देशांच्या प्रमाणवेळांत मात्र हिवाळ्यात साडेपाच तासांचा आणि उन्हाळ्यात, लंडनची घड्याळे एक तास पुढे सारलेली असताना, साडेचार तासांचा फरक असतो. सूर्याचे देशांतर एक आणि कायद्याचे देशांतर दुसरे, असा हा प्रकार आहे.

परंतु देशांतर म्हणजे अंतर नव्हे. लंडन मुंबईच्या पश्चिमेस आहे तसे ते उत्तरेसही आहे. अक्षांशांत ३२ अंशांहून अधिक फरक आहे. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या दोहोंतून आणि गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने कापलेल्या मोठ्या वर्तुळाचा कंस. त्याचे गणित केले असता मुंबई व लंडन पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ६४ अंश ५२ कलांचा कोन करतात. एका अंशाच्या ६० कला, म्हणून एकूण ३,८९२ कला. वैमानिक आणि नाविक ज्यास नाविक मैल म्हणतात, तो १,८५२ मीटरांचा मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरील एक कलाच होय. तेव्हा वैमानिकाच्या कागदावरील ३,८९२ मैल आणि ज्योतिष्याच्या ३,८९२ कला या एकाच वस्तूची दोन नावे आहेत. किलोमीटरांत ते ७,२०० हून थोडे अधिक भरते. योजनांत सांगावयाचे तर प्रथम कोणाचे योजन हे विचारले पाहिजे. सूर्यसिद्धांतात पृथ्वीचा व्यास १,६०० योजने दिला आहे, आर्यभटाने १,०५० योजने. पृथ्वी एकच असल्याने पहिल्याचे योजन सुमारे ८ किलोमीटरांचे आणि दुसऱ्याचे सुमारे १२ किलोमीटरांचे ठरते. लंडन पहिल्याच्या मापाने ९०० योजनांवर, दुसऱ्याच्या मापाने ६०० योजनांच्या आत.

शाळेतील भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि लंडन यांमध्ये पट्टी ठेवली तर रेषा भूमध्य समुद्राच्या पूर्व कोपऱ्याजवळून, सीरिया-तुर्कस्तानच्या सीमाभागातून जाते. खरी जवळची वाट तशी नाही. ती अरबी समुद्र ओलांडून बलुचिस्तान, पूर्व इराण, अझरबैजान, क्रिमियाजवळचा काळा समुद्र, युक्रेन, स्लोव्हाकिया अशी उत्तरेकडे फुगत जाते. नकाशावर वाकडी दिसणारी ही वाट गोलावर सरळ असते, आणि पट्टीने काढलेली सरळ वाट गोलावर वाकडी व लांबची. ‘हवाई अंतर’ असे जेव्हा मराठी वर्तमानपत्रे लिहितात तेव्हा त्यांना हे मोठ्या वर्तुळावरील अंतर अभिप्रेत असते. शब्द चुकीचा नाही, पण फसवा आहे. कारण विमान त्या अंतराने क्वचितच जाते. वर सांगितलेल्या देशांची नावे पुन्हा वाचली तरी पुरे. आकाशाला सीमा नसतात असे काव्यात म्हणतात. प्रत्यक्षात प्रत्येक देशाचे आकाश त्याच्या परवानगीने उघडते आणि युद्धाच्या किंवा तंट्याच्या काळात मिटते. २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध कोसळले आणि तेथील आकाश नागरी विमानांस बंद झाले. २०२५ च्या एप्रिलच्या अखेरीस पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांस दक्षिणेकडून वळसा पडला. अमेरिकेकडील काही विमानांस इंधनासाठी युरोपात थांबावे लागले. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच घडले होते. कलांत मोजलेले अंतर तसूभर हलले नाही. लंडन मात्र लांब गेले.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. मध्य अक्षांशांत, विमाने ज्या उंचीवर उडतात तेथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान प्रवाह वाहतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानास ताशी १०० किलोमीटरांचा वारा समोरून लागला तर मुंबई-लंडनचा मोठ्या वर्तुळाचा मार्ग नऊ तासांचा होतो. तोच वारा पाठीशी असता सव्वासात तासांचा. प्रत्यक्षात उड्डाण, उतरण, वळसे यांची भर पडून जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना नऊच्या आसपास लागतात. म्हणजे लंडनहून मुंबई जवळ आहे आणि मुंबईहून लंडन लांब. भूमितीत ‘अ’पासून ‘ब’ जेवढे दूर तेवढेच ‘ब’पासून ‘अ’ दूर असते. प्रवासात तसे नसते. याचे टोकाचे उदाहरण एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये घालून दिले. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकवरून जाणारे विमान पॅसिफिकवरून नेण्यात आले. मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरांनी वाढून १५,३०० किलोमीटर झाला आणि वेळ कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. कारण सर्व वाटेवर वारा पाठीशी होता. लांबची वाट जवळची ठरली, हे वाक्य येथे अलंकारिक नाही.

विमानकंपन्यांच्या वेळापत्रकातील प्रवासकाळ हाही एक स्वतंत्र विचाराचा विषय आहे. तो विमान जमिनीवरून उठल्यापासून टेकेपर्यंतचा नसतो. चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर पुन्हा लावीपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाण्याची रांग त्यात धरलेली असते. शिवाय वेळापत्रकात सुटण्याची वेळ एका गावच्या घड्याळाची आणि पोचण्याची दुसऱ्या गावच्या घड्याळाची छापतात. समजा, उन्हाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी दोन वाजता निघून लंडनला सायंकाळी साडेसात वाजता पोचते असे लिहिले आहे. घाईने वाचणारा साडेपाच तास म्हणेल. परतीचे विमान रात्री दहा वाजता निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा वाजता उतरते. म्हणजे साडेतेरा तास. दोन्ही आकडे खोटे आहेत. पण दोहोंची बेरीज करून निम्मे केले की साडेनऊ तास निघतात, आणि तो जाण्यायेण्याचा खरा सरासरी काळ असतो. कारण जाताना जेवढे देशांतर वजा झाले तेवढेच येताना मिळाले. ज्यास दोन देशांच्या प्रमाणवेळा ठाऊक नाहीत त्यालाही ही युक्ती उपयोगी पडते. जाण्याचा काळ वेगळा काढावयाचा असेल तर मात्र देशांतर जाणण्यावाचून गत्यंतर नाही.

काळ असा आटत आला तो फार थोड्या पिढ्यांत. आनंदीबाई जोशी १८८३ च्या ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, अठ्ठावन्न दिवस. १९४८ च्या ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले ते कैरो आणि जिनिव्हा असे टप्पे घेत लंडनला गेले. ‘टप्पा’ हा डाकेच्या घोड्यांचा शब्द येथे विमानास लागला आणि शोभला. पुढे थांबे गेले, आणि टप्पा हा शब्दही विमानांच्या संदर्भात ऐकू येईनासा झाला.

सोलापूरच्या बाजूने पाहिले तर हिशेब आणखी विचित्र होतो. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापुरास पोचला. त्या मार्गाने मुंबई ४५५ किलोमीटर. सरळ रेषेत दोन विमानतळांमधील अंतर सुमारे ३६०. रात्रीच्या गाडीने मुंबईस पोचावयास जेवढा वेळ लागतो, त्याहून तास-दीड तास अधिक दिला की मुंबईहून लंडन येते. गाडीतून उतरून विमानतळ गाठणे आणि तेथे तीन तास अगोदर हजर होणे हे जमेस धरले, तर सोलापूरकराचा प्रवास लंडनपर्यंत जितका लांब, त्यातील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातच खर्च होतो. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ च्या जूनमध्ये गोव्याकडे आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईकडे नियमित विमानसेवा सुरू झाली. मुंबईचा हवाई प्रवास तासाभराचा झाला. परदेशस्थ मुलाची वाट पाहणाऱ्या घरास मुंबई-लंडन मार्गावरील विमानाचा वेग दुपटीने वाढण्यापेक्षा या एका तासाचे मोल अधिक.

घड्याळाचा फरक विमानातून उतरल्यावरही संपत नाही. तिथीचा आरंभ आणि शेवट हे चंद्र-सूर्यांच्या कोनावर अवलंबून असल्याने सर्व पृथ्वीवर एकाच क्षणी होतात; पण दिवसाची तिथी सूर्योदयावरून धरतात, आणि सूर्योदय जागोजाग निराळा. हिवाळ्यात एखादी तिथी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसात वाजता संपली, तर सोलापुरास सूर्योदयी ती होती म्हणून त्या दिवशी तीच तिथी. लंडनला त्या क्षणी रात्रीचे दोन वाजलेले. त्या दिवशीच्या सूर्योदयास पुढची तिथी लागलेली असते. म्हणून तेथे ती तिथी आदल्या तारखेची. सोलापूरचे पंचांग जसेच्या तसे घेऊन लंडनमध्ये वर्षश्राद्ध करणाऱ्याचा दिवस अशा वेळी चुकतो, आणि त्यात पंचांगाचा दोष नसतो. देशांतर करावयाचे राहिलेले असते.

शेवटी ‘देशांतर’ या शब्दाचा तिसरा प्रांत, धर्मशास्त्राचा. दूरदेशी असलेल्या आप्ताच्या मरणाची वार्ता उशिरा कळली तर आशौच किती पाळावे, हा प्रश्न निबंधकारांपुढे होता. आणि त्यासाठी दूरदेश म्हणजे काय हे ठरविणे त्यांना भाग पडले. सोलापूरच्या पूर्वेस असलेल्या आजच्या बसवकल्याणात, तेव्हाच्या चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तिच्यात आणि तिच्या परंपरेतील ग्रंथांत देशांतराची जी लक्षणे दिलेली आढळतात ती भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहावीत अशी आहेत. एक लक्षण योजनांचे : कोणी साठ योजने म्हणतात, कोणी चाळीस, कोणी तीस. दुसरे लक्षण अडथळ्याचे : मध्ये महानदी किंवा पर्वत असेल, किंवा जेथे वाणी बदलते, ते देशांतर. तिसरे लक्षण कालाचे : जेथली वार्ता दहा रात्रींत कानी येत नाही ते देशांतर. स्थल, भाषा आणि काल या तीनही मापांनी दूरपणा मोजून पाहिलेला आहे, आणि त्यांपैकी कोणतेही एक माप पुरेसे मानलेले नाही.

ही लक्षणे आज लावून पाहिली तर उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. चार कोसांचे योजन आणि दोन मैलांचा कोस धरला तर तीस योजने सुमारे ३८५ किलोमीटर होतात. सोलापूरकरास मुंबई आगगाडीच्या वाटेने देशांतर ठरते आणि विमानाच्या वाटेने ठरत नाही. लंडन योजनांच्या लक्षणाने निःसंशय देशांतर. पण वार्तेच्या लक्षणाने नव्हे, कारण मुलास निरोप दहा रात्रींत नव्हे तर दहा क्षणांत पोचतो. निरोप आणि माणूस एकाच वेगाने प्रवास करीत असत तोवर वार्तेचे लक्षण माणसाच्या अंतरालाही लागू पडत असे. तारायंत्राने ती जोडी प्रथम फोडली. आणि अडथळ्याचे लक्षण घेतले तर भीमा ओलांडून विजापूरच्या बाजूस गेलेला सोलापूरकर सुमारे शंभर किलोमीटरांतच देशांतरी पोचतो, कारण मध्ये नदी आहे आणि पलीकडे वाणी कन्नड आहे. मात्र अक्कलकोटकडे वाणी भीमेच्या अलीकडेच बदलू लागते. आणि खुद्द सोलापूर शहरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत जाण्यास नदी लागत नाही, पर्वत लागत नाही, रस्ता ओलांडला की पुरते.